ऊब पिणारी बाटली

मानवतला माझं फोटोचं दुकान होतं तेव्हा लोक आत येण्याआधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बराच वेळ माझ्याकडे बघत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि कचेरीतले कागद उर्दूतून मराठीत यायला लागले होते. पण कोण कुणाची बातमी कुठं पोचवील याचा भरवसा नसण्याचे दिवस सगळ्यांनी पाहिले होते, आणि ती सवय सुटत नव्हती. आपला चेहरा ज्याच्याकडे ठेवून जायचा तो माणूस कसा आहे, हे लोकांना आधी पारखून घ्यायचं असे.

"फोटूची काच तुमी कुणाला देताव?" ज्या काचेवर चेहरा आधी उमटतो तिच्याविषयी एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं.

"कुणालाच नाही. माझ्याकडंच राहते."

"मग तर आजूकच वाईट," असं म्हणून तो फोटो न काढताच निघून गेला.

दुकानाच्या मागच्या खोलीविषयी तर जास्तच शंका होती. खिडकीला काळं कापड, दार आतून बंद, आणि मी तासन् तास आत. तिथं मी फोटो धूत असे एवढंच. फोटो पक्का करायला एक मीठ लागतं, त्याला आम्ही हायपो म्हणतो. खडीसाखरेसारखे स्वच्छ खडे असतात. पाण्यात टाकले की फोटोचं काम होतं. पण या मिठाचा आणखी एक गुण मला हैदराबादच्या माझ्या उस्तादांनी दाखवला होता.

थंडीत उस्तादांची बोटं आखडत. ते एका बाटलीत हायपोचे खडे भरून ती गरम पाण्यात ठेवत. त्या खड्यांच्या अंगातच पाणी असतं, त्यात ते विरघळत आणि बाटलीभर पातळ, स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी तयार होई. बूच लावून ती बाटली न हलवता गार होऊ द्यायची. ती गार होई पण गोठत नसे, दिवसच्या दिवस तशीच राही. मग हवं तेव्हा बूच काढून हायपोचा एक बारीक कण आत टाकायचा. तो पडला की त्याच्याभोवती पांढऱ्या सुया फुटत, बघता बघता सगळ्याचा दगड होई, आणि बाटली तापे. "सेक लो मियाँ, हाथ सेक लो," असं म्हणत उस्ताद ती माझ्या हातात देत.

तिची ऊब गरम पाण्यासारखी नव्हती. गरम पाणी ठेवल्या क्षणापासून निवायला लागतं. ही बाटली गोठत असेपर्यंत एकाच उबेवर थांबून राही. भाजतही नसे, उतरतही नसे. आतला शेवटचा थेंब दगड झाला की मगच ती हळूहळू निवे. मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

एका पौषात मोंढ्यात कापूस घेऊन आलेला एक माणूस दुकानासमोर घुटमळत उभा राहिला. गिऱ्हाईक नाही हे मी ओळखलं. गर्दी कमी झाल्यावर तो आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या भैनीला पोरगी झाली."

तिचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता.

"कशी हाय?"

"भैन बरी हाय. लेकरू लय बारकं हाय. तिनं सांगावा धाडलाय, दादाला म्हनावं ये. पर मी सांगितलं आसं त्या घरात म्हनू नका."

"काहून?"

"लेकराला दिष्ट लागंल म्हून त्यांनी कुणालाच कळू दिलं न्हाई," तो म्हणाला आणि लगेच गेला.

माझी धाकटी बहीण चारठाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यात दिली होती. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढ्या. आमचे आईवडील गेलेले, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मी एकटा. थंडीच्या दिवसांत दाजी आणि त्यांचा थोरला भाऊ मेंढरं घेऊन लांब गोदाकाठच्या शेतांत बसवायला जात, ते शिमग्याच्या सुमाराला परतत. घरी उरत त्या तिघी: सासू, थोरली जाऊ आणि माझी बहीण. थोरल्या जावेला मूल नव्हतं. एक झालं होतं, ते गेलं होतं, एवढंच मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीनं देवगाव फाट्याला उतरलो, तिथून दुसरी मोटार धरून चारठाण्याला, आणि पुढं पायी. अंगणात सासू बसली होती. मला बघून तिचा चेहरा आक्रसला.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"सहज आलो मावशी. चारठाण्याला एक काम होतं."

तिला ते खरं वाटलं नाही. पण पाहुण्याला दारातून परत लावायची रीत नाही, म्हणून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

बाळंतिणीची खोली धुरानं भरलेली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दार लोटलेलं, झरोका चिंध्यांनी बुजवलेला. बहिणीच्या कुशीत लेकरू होतं. हात म्हणावे तर माझ्या बोटांएवढे. कातडी लालसर आणि सुरकुतलेली. रडणंसुद्धा मांजराच्या पिलासारखं. मी त्याच्या पावलाला बोट लावलं. पाऊल गार होतं.

"शेगडी वाढवली की खोकतंय," बहीण म्हणाली. "काढली की गार पडतंय. गरम पान्याची बाटली ठेवली तर घडीभरात निवती. वीट तापवून ठेवली तर कापडच जळालं."

जिंतूरच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईनं गावात फिरतीवर असताना येऊन सांगितलं होतं की लेकराला सारखी ऊब पाहिजे आणि धूर अजिबात नको. सासूनं ते ऐकून घेतलं होतं आणि नर्सबाई गेल्यावर शेगडी पुन्हा आत आणली होती. तिला दुसरं काय करावं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मला उस्तादांची बाटली आठवली.

मानवतला परत येऊन मी जाड काचेच्या चपट्या औषधाच्या बाटल्या मिळवल्या, धुतल्या, हायपो भरून वितळवला आणि गार झाल्यावर पिशवीत कापडात गुंडाळून निघालो. देवगाव फाट्याच्या अलीकडे मोटार एका खड्ड्यात आपटली आणि धक्क्यानं एक बाटली आपोआप गोठली. पिशवी माझ्या मांडीवर होती, ती गरम व्हायला लागली. शेजारच्या माणसाच्या मांडीलाही ते लागलं. त्यानं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पिशवीत काय हाय?"

"औषध."

"जितं हाय का?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता उठून पुढच्या बाकड्यावर जाऊन बसला. फाटा येईपर्यंत तो मागं वळून बघत होता.

घरी पोचल्यावर मी तिघींनाही अंगणात बोलावलं. आडपडदा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. सासूच्या हातात गार बाटली दिली, आतलं पाणी हलवून दाखवलं. मग बूच काढून चिमटीतला कण टाकला.

सुया फुटल्या. पाण्याचा दगड झाला. बाटली तापायला लागली तशी सासूनं ती मातीत टाकून दिली आणि दोन पावलं मागं सरली.

"ही करनी हाय," ती म्हणाली. "जाळ न्हाई, विस्तू न्हाई, आन् तापतंय कशानं?"

मी समजावायचा प्रयत्न केला. थंडीत तूप गोठतं तसंच हे मीठ गोठतं, वितळवताना जी ऊब आपण त्याला देतो ती ते गोठताना परत करतं. तिनं ऐकून घेतलं.

"तूप गोठताना कवा तापलंय?"

मी मातीतली बाटली उचलून पुसली.

"तुमच्या अंगाला लावा," तिनं हुकूम केला. "मला बघू द्या."

सबंध दुपार मी त्या अंगणात बंडीच्या आत बाटली धरून बसून राहिलो. सासू समोर धान्य निवडत बसली होती आणि मान वर करून माझा चेहरा तपासत होती. थोरली जाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाटलीकडे बघत होती. तिचं ते बघणं मला खटकलं.

उन्हं कलल्यावरसुद्धा मी धडधाकट होतो. तरी सासूचं समाधान होईना. गोठ्यात आई मेलेलं एक कोकरू होतं, थंडीनं अंग आकसून पडलेलं. "आधी त्याला लावा," ती म्हणाली. बाटली कापडात गुंडाळून कोकराजवळ ठेवली, वर पोतं घातलं. सकाळी ते उभं राहून दाव्याला तोंड लावत होतं. सासूनं त्याचे डोळे बघितले, तोंड उघडून जीभ बघितली, कान हुंगले. मग खोलीत गेली आणि शेगडी उचलून बाहेर आणली.

झरोक्यातल्या चिंध्या काढल्या. कापडाच्या जाड घड्यांत गुंडाळलेल्या बाटल्या लेकराच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. एक निवायला आली की दुसरी. बहीण बाळंतीण, तिला चुलीपाशी जायचं नव्हतं. सासू त्या बाटल्यांना हात लावायला तयार नव्हती. राहिली थोरली जाऊ. मी तिला रीत सांगितली: गरम पाण्यात ठेवायची, खडे विरघळले की लगेच काढायची, बूच लावून गार होऊ द्यायची. तिनं मान हलवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गेलो तेव्हा लेकरू दूध ओढायला लागलं होतं. पावलं उबदार होती. मी खुशीत परत आलो.

त्याच्या पुढच्या खेपेला बहिणीचा चेहरा उतरलेला दिसला. सासू बाहेर गेल्याचं बघून तिनं मला जवळ बोलावलं.

"दादा, बाटल्या पयल्यासारख्या तापंनात. आदी दूध पाजून, लेकरू निजवून, परत पाजायची येळ येईस्तोर ऊब राहायची. आता निजवूस्तोर पन टिकंना."

"गारठा वाढला असंल."

"गारठा न्हाई." तिनं दाराकडे बघितलं. थोरल्या जावेला ती अक्का म्हणे. "अक्का बाटल्या घेऊन सोप्यातल्या चुलीपाशी जाती आन् दार ओढून घेती. लय येळ तिथंच असती. काय करती कुणाला म्हाईत. तिचं लेकरू जगलं न्हाई, दादा. मपलं जगावं आसं तिला वाटत आसंल का?"

मी बाटली उजेडात धरून बघितली. तळाशी पांढरा चिकट थर बसला होता, पिठासारखा. सुरुवातीला तो नव्हता.

सासू परत आली ती थेट बोलली. "मी सांगू का तुमाला? आदी ती बाटली ऊब देत होती. आता ती ऊब घ्यायलीय. लेकराच्या अंगातली ऊब पिऊन ती बाटली पांढरी व्हायलीय. बगा तळाला काय साचलंय ते." शेगडी पुन्हा बाजेखाली आली होती. लेकरू पुन्हा खोकत होतं.

थोरली जाऊ तेव्हा अंगणात शेण भरत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तिनं मान वर केली नाही.

परतीच्या मोटारीत माझ्या डोक्यात एकच विचार: हायपोत भेसळ आहे. पांढरा थर म्हणजे धुण्याचा सोडा. परभणीच्या ज्या दुकानदाराकडून मी माल घेई त्याच्यासमोर ती बाटली मी नेऊन ठेवली. त्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही.

"हे तुम्ही काय करून आणलंत ते मला काय माहीत? फोटो पक्के होतायत ना?"

"होतायत."

"मग मालात खोट काय?" त्यानं माझ्यासमोर नवा सीलबंद डबा फोडला. "न्या. बघा. पण इथं दहा माणसांत माझ्या मालाला नाव ठेवू नका."

तो चिडला तो खरा म्हणून की पकडला गेला म्हणून, ते मला कळेना. मानवतला येऊन मी त्याच्याच जुन्या आणि नव्या मालाच्या वेगवेगळ्या बाटल्या भरल्या आणि अंधाऱ्या खोलीत रोज वितळवायला, रोज गोठवायला लागलो. गिऱ्हाइकांना खोलीतून भांड्यांचे आवाज येत, वाफ दिसे, आणि मी कुणाला आत येऊ देत नसे. माझ्याविषयी बाजारात काय बोललं गेलं ते नंतर माझ्या कानावर आलं. दारू गाळतो, हे त्यातलं सगळ्यांत सौम्य.

दोन्ही मालांच्या बाटल्या सारख्याच निघाल्या. पुष्कळदा वितळवल्यावर तळाशी पातळसा पांढरा पापुद्रा दिसू लागे खरा. त्या मिठाच्या अंगातलं पाणी वर राही आणि जड भाग खाली बसे. पण गरम असताना बाटली नीट हलवली की तो मिसळून जाई. ऊब जवळजवळ पहिल्याइतकीच येई. दुकानदाराचा माल चोख होता. म्हणजे माझ्याकडे टिकणारं मीठ त्या घरात मरत होतं. मग त्या घरात त्याला काय होत होतं?

मी सांगावा न धाडता, सकाळीच पोचेन अशा बेतानं गेलो. सासू गोठ्यात होती. मी अंगणातून आवाज न करता सोप्यापाशी गेलो. दार ओढलेलं होतं. फटीतून बघितलं.

थोरली जाऊ चुलीपुढं उकिडवी बसली होती. चुलीत मोठाला जाळ. वर पाण्याचं पातेलं खदखदत होतं, आणि त्यात माझ्या बाटल्या उभ्या होत्या, बुचं काढलेल्या. बाटल्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. ती एकटक त्यांच्याकडे बघत होती. ओठ हलत होते.

मी दार लोटलं. ती दचकली, पण उठली नाही.

"अक्का, बुचं काहून काढली?"

"बूच लावून उकळलं तर वाफ कोंडती. बाटली फुटंल."

"पण उकळताव कशाला? विरघळलं की काढा म्हणून सांगितलं होतं."

"तसंच करत होते आदी." तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकत होतो. "मग ऊब जराशी कमी झाली. मला वाटलं, जाळ कमी पडायलाय. जास्त तापंल तर जास्त टिकंल. म्हून वाढवला. तरी कमीच. म्हून आजूक वाढवला. दुपारपातूर उकळत ठेवायले. तरीबी कमीच व्हायलीय."

"आन् दार?"

"वाऱ्यानं जाळ इझतो."

"काय पुटपुटत होता?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "देवाचं नाव."

मला विश्वास ठेवावा की नाही कळेना. ती म्हणत होती ते जुळत होतं. मिठाच्या अंगातलं पाणी उघड्या तोंडानं रोज वाफ होऊन जात असेल, तर मागं पांढरी कोरडी पूडच राहणार, आणि पूड काही ऊब साठवत नाही. जितका जाळ वाढवायचा तितकं पाणी उडायचं, तितकी ऊब घटायची, आणि घटलेली ऊब बघून जाळ आणखी वाढवायचा. पण हे सगळं ठाऊक असणारं कुणी मुद्दामही असंच करील, हेही माझ्या मनात आलं. एवढ्यात सासू आणि तिच्यामागं भिंतीला धरत बहीणही सोप्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बहिणीच्या चेहऱ्यावर एकच भाव होता: सापडली.

"थांबा," मी म्हणालो. "आत्ता कळंल."

पातेलं उतरवलं. एका बाटलीत तळाला साचलेल्या थरावर चमच्यानं थोडं थोडं गरम पाणी घातलं, बूच लावून कापडात धरून हलवत राहिलो. बराच वेळ काही होईना. मग थर सुटायला लागला, दुधाळ पाणी हळूहळू निवळलं. बाटली सावलीत गार होईपर्यंत चौघंही तिथंच थांबलो. मग मी कण टाकला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग एका बाजूनं सुया निघाल्या, आणि बाटली तापली. पहिल्या दिवसाइतकी नसेल, पण तापली. मी ती बहिणीच्या हातात दिली. तिनं ती गालाला लावली आणि थोरल्या जावेकडे बघितलं. मिठापुरतं बोलायचं तर जाऊ खरं सांगत होती.

"मला कुणी इचारलंच न्हाई," थोरली जाऊ म्हणाली. ती सासूकडे बघून बोलत होती. "सगळ्यांनी बघितलं, अक्का दार लावती. कुणी आत येऊन बघितलं न्हाई काय करती. आत्याबाई, मपलं लेकरू त्याच खोलीत खोकून खोकून गेलं. शेगडी बाजंखालीच होती. मी तवा काही बोलले न्हाई. आता ही बाटली बिनधुराची होती, म्हून मी तिला इझू देत नव्हते."

सासूनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती ओरडेल. ती वळली, बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि निखाऱ्यांनी भरलेली शेगडी दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. कडा तापलेल्या असणार, तरी तिनं पकड सोडली नाही. अंगण ओलांडून ती गोठ्यापलीकडे गेली आणि निखारे मातीत ओतले. परत आल्यावर पाण्याच्या घंगाळात हात बुडवून उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

मी नवा हायपो आणला होता. नव्या बाटल्या भरल्या. थोरल्या जावेला पुन्हा सगळी रीत सांगितली, या वेळी तिघींदेखत: पाणी उकळू द्यायचं नाही, हाताला सोसवेल त्याहून थोडंच गरम. सगळं विरघळलं की काढायची. गरम असताना हलवायची. गार करताना बूच घट्ट. तळाशी थर दिसला तर दोन थेंब पाणी. ती ऐकत होती आणि मध्येच प्रश्न विचारत होती. "हलवल्यावर लगीच गोठली तर?" "कन संपले तर गोठलेल्यातलाच खरडून घेतला तर चालंल का?" इतके नेमके प्रश्न मला कुणीच कधी विचारले नव्हते.

त्या बाटल्या महाशिवरात्रीपर्यंत पुरल्या. मीठ झिजत होतं, मधूनमधून एखादी बाटली दगा देई, मी दुसरी भरून नेई. थंडी ओसरली तोवर लेकराच्या मांड्यांना वळ्या आल्या होत्या आणि खोकला गेला होता. शिमग्याला दाजी परतले. त्यांनी आधी मुलीला बघितलं, मग कोनाड्यात ओळीनं ठेवलेल्या बाटल्या बघितल्या, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कुनी करायला सांगितलं होतं? देवरुशानं?" मी सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "बरं झालं. पर आता ह्या घरात नकू ठिवू." मी बाटल्या पिशवीत भरल्या. थोरली जाऊ त्या वेळी विहिरीवर गेली होती. तिला एखादी ठेवायची होती असं मला नंतर कळलं.

सासू त्यानंतर बरीच वर्षं जगली. माझ्याशी नीट वागायची, भाकरीवर लोणी जास्त घालायची. पण त्या बाटल्यांना ती शेवटपर्यंत औषध म्हणाली नाही. "ते तुमचं" एवढंच म्हणायची.

मुलगी चालायला लागली तेव्हा मी एकदा गेलो होतो. ती अंगणातून दुडकत थोरल्या जावेकडे गेली. जावेनं तिला उचललं आणि ओठ हलवत तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली. बहीण दारात सूप घेऊन उभी होती. हातातलं सूप थांबलं होतं.

"अजून शंका हाय का?" मी हळूच विचारलं.

"शंका न्हाई, दादा," ती म्हणाली. "अक्कानंच जगवली तिला, मला ठावं हाय." तिनं सूप परत हलवायला घेतलं. "पर नजर जाती. काय करू?"